ठिपके नकोत, पट्टी हवी : वाहनांच्या एलईडी दिव्यांविषयी वाचकांचे प्रश्न

वाहनांच्या दिव्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांत विद्यार्थी आहेत, कारखान्यात काम करणारे आहेत आणि नुसते जिज्ञासूही आहेत. पण सर्वांची अडचण मुळात एकच आहे. एलईडीचा प्रकाश जेमतेम एक मिलिमीटरच्या चिपमधून निघतो आणि आपल्याला तो लांबलचक पट्टीवर सारखा पसरलेला हवा असतो. हे काम एलईडीच्या संख्येपेक्षा प्रकाशाला मिळणाऱ्या वाटेवर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच अंगाने लिहिली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा गट दुचाकीचा मागचा दिवा तयार करीत आहे. २० मिलिमीटर खोलीच्या खोक्यात ४० मिलिमीटर अंतराने दहा एलईडी बसवून पुढे दुधी ॲक्रिलिकचा पत्रा लावला आहे, तरीही प्रत्येक एलईडीचा ठिपका वेगळा दिसतो. पत्रा अधिक दुधी घ्यावा की एलईडी वाढवावेत?

उत्तर : पत्रा बदलण्याआधी खोली आणि अंतर यांचे गुणोत्तर तपासावे, कारण तुमच्या दिव्यातला दोष तिथेच आहे. वर लेन्स नसलेल्या साध्या एलईडीची तीव्रता समोरच्या दिशेला सर्वाधिक असते आणि कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात कमी होत जाते. ६० अंशांवर ती निम्मी उरते. पत्र्यावरची जागा एलईडीच्या समोरून बाजूला सरकली की तिचे एलईडीपासूनचे अंतर वाढते आणि तिच्यावर प्रकाशही तिरपा पडू लागतो. हे तिन्ही परिणाम एकत्र धरले असता त्या जागेवर पडणारा प्रकाश कोसाइनच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटतो. शेजारच्या एलईडींचा वाटा याच सूत्राने काढून बेरीज करणे हे कागद-पेन्सिलीचे काम आहे, आणि संगणकाकडे वळण्यापूर्वी ते प्रत्येकाने एकदा स्वतः करावे.

तुमच्या मापांवर ही बेरीज केली तर दोन एलईडींच्या बरोबर मधल्या जागी, एलईडीसमोरच्या जागेच्या मानाने, निम्म्याहूनही थोडा कमी प्रकाश पडतो. अंतर ३० मिलिमीटर केले तर मधल्या जागेतली घट सुमारे २७ टक्क्यांवर येते. अंतर खोलीइतके, म्हणजे २० मिलिमीटर केले की ती अवघी पाच-सहा टक्के राहते, आणि एवढी घट साधारण दुधी पत्रासुद्धा सहज पुसून टाकतो. एलईडी वाढवण्याचा तुमचा विचार म्हणून चुकीचा नाही. फक्त किती वाढवायचे हे खोक्याच्या खोलीला विचारून ठरवावे. एलईडी दुप्पट केल्यास प्रत्येकाला दिला जाणारा विद्युतप्रवाह निम्म्याच्या आसपास आणता येतो, त्यामुळे उष्णताही एका जागी न साचता पसरते.

एलईडी वाढवणे परवडत नसेल आणि खोलीही वाढवता येत नसेल, तर प्रत्येक एलईडीवर प्रकाश बाजूला फेकणारी छोटी लेन्स बसवता येते. टीव्हीच्या पडद्यामागे अशाच लेन्स वापरतात. त्या समोरचा प्रकाश मुद्दाम कमी करून तिरप्या दिशांना वाढवतात, त्यामुळे अंतर खोलीच्या दुपटीहून जास्त ठेवले तरी चालते. याशिवाय खोके आतून पांढरे शुभ्र असावे. दुधी पत्रा बराच प्रकाश मागे परतवतो. तो पांढऱ्या तळावर आपटून पुन्हा पुढे आला तर ठिपके पुसट होतात, पण तळाशी हिरवी किंवा काळी पीसीबी (एलईडी जोडलेली सर्किटची पाटी) असेल तर तिथेच शोषला जातो. पीसीबी पांढऱ्या थराची मागवणे हा या सगळ्यांतला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि नेमका तोच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

राहिला प्रश्न अधिक दुधी पत्र्याचा. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. समजा, दहा एलईडी प्रत्येकी ३० लुमेन (लुमेन हे एकूण प्रकाशाचे एकक) देतात आणि पत्रा त्यातला ५५ टक्के प्रकाश पुढे सोडतो. दुधी पत्रा पुढे सोडलेले हे १६५ लुमेन सर्व दिशांना उधळून देत असल्यामुळे थेट मागून पाहणाऱ्याच्या वाट्याला सुमारे ५२ कॅन्डेला (कॅन्डेला हे एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) येतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहननियमांपैकी १४८ क्रमांकाच्या नियमानुसार मोटारीच्या साध्या ब्रेकलॅम्पला अक्षाच्या दिशेने, म्हणजे थेट मागे, किमान ६० कॅन्डेला लागतात. म्हणजे ३०० लुमेन खर्चूनही दिवा त्या कसोटीत नापास होतो. तेवढेच काम कॉलिमेटर लेन्सने, म्हणजे प्रकाश एका दिशेला गोळा करणाऱ्या लेन्सने, केले आणि प्रकाश डावी-उजवीकडे २० व वर-खाली १० अंशांच्या चौकटीत नेऊन सोडला, तर अवघ्या ६० लुमेनमध्ये, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरूनही, हिशेबाने २०० कॅन्डेलापर्यंत पोचता येते. मागच्या स्थितीदर्शक दिव्याला (ब्रेक न दाबताही रात्री सतत जळणाऱ्या लाल दिव्याला) मात्र अक्षावर किमान ४ कॅन्डेला पुरतात आणि कमाल मर्यादाच १७ कॅन्डेलाची आहे. म्हणून माझा सल्ला असा की, दुधी पट्टीची एकसंध शोभा स्थितीदर्शक दिव्यासाठी राखून ठेवावी आणि ब्रेकलॅम्पसाठी त्याच घरात लेन्सची स्वतंत्र सोय करावी. दोन्ही कामे एकाच दुधी पत्र्यावर लादल्यास एकही धड होत नाही.

प्रश्न : हेडलॅम्पच्या कडेने फिरणारी लाइट गाइडची (टोकातून शिरलेला प्रकाश लांबीभर वाहून नेणारी पारदर्शक) कांडी एका टोकाला एलईडी लावून उजळवली आहे. एलईडीजवळचा भाग डोळ्यांत भरतो, दुसरे टोक मंद दिसते आणि मधल्या वळणावर एक प्रखर डाग पडतो. हे तीन दोष आहेत की एकाच दोषाची तीन रूपे?

उत्तर : तीन वेगळे दोष आहेत, आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत. त्यासाठी कांडीतला प्रकाश कसा चालतो हे नीट पाहायला हवे. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ आहे, म्हणून त्याचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो, म्हणजे लंबाशी याहून मोठा कोन करून भिंतीवर आपटलेला किरण बाहेर न पडता पूर्णपणे आत परततो. सपाट टोकातून आत शिरलेला कोणताही किरण अपवर्तनामुळे कांडीच्या अक्षाशी ४२ अंशांहून अधिक कोन करू शकत नाही. तो बाजूच्या भिंतीवर आपटतो तेव्हा लंबाशी त्याचा कोन निदान ४८ अंशांचा असतो. अर्थात, सरळ आणि गुळगुळीत कांडीत शिरलेला सगळा प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तन होत पुढे जातो, बाजूने काहीच गळत नाही. तो बाहेर यावा म्हणून कांडीच्या पाठीवर त्रिकोणी खाचा पाडतात. खाचेच्या उतारावर आपटलेला किरण कांडी ओलांडून समोरच्या बाजूने बाहेर पडतो आणि पाहणाऱ्याला कांडी उजळलेली दिसते.

आता मंद टोकाचे पाहू. सगळ्या खाचा सारख्याच पाडल्या आणि प्रत्येक खाच तिच्यापर्यंत आलेल्या प्रकाशातला २ टक्के वाटा बाहेर काढते असे धरले, तर पन्नास खाचांनंतर कांडीत मूळ प्रकाशाच्या ३६ टक्केच शिल्लक राहतो. यासाठी एलईडीजवळच्या खाचा उथळ ठेवून पुढे पुढे खोल करत न्याव्या लागतात, किंवा खोली तीच ठेवून त्या दाट कराव्या लागतात. दोन्ही टोकांना एलईडी लावता आले तर काम फार सोपे होते : वरच्याच उदाहरणात, खाचा अजिबात न बदलता, टोके आणि मध्य यांतला फरक सुमारे १२ टक्क्यांवर येतो. जागा आणि तारा यांची सोय होत असेल तर मी दुसऱ्या टोकाचा एलईडी कधीही वगळणार नाही. हेडलॅम्पभोवतीच्या अशा कड्यांचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. २००० साली बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजच्या हेडलॅम्पमध्ये चमकत्या कड्या आल्या तेव्हा त्यांना प्रकाश देणारा एलईडी नव्हता, हॅलोजन बल्ब होता.

एलईडीजवळचा झगमगाट मुख्यतः कांडीत न शिरता आजूबाजूने निसटलेल्या प्रकाशाचा असतो. टोकाचा पृष्ठभाग नीट पॉलिश केलेला असावा, एलईडी त्याला शक्य तितका जवळ आणि मध्यभागी असावा, आणि पहिला एक-दीड सेंटिमीटर भाग बेझलखाली (दिव्याच्या पुढच्या चौकटीखाली) झाकावा.

वळणावरचा डाग दोन कारणांनी पडतो. वळणात भिंतीची दिशा बदलते, त्यामुळे काही किरण क्रांतिक कोनाच्या आत येऊन खाच नसतानाही बाहेर पडतात. शिवाय वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रकाश दाटतो आणि तिथल्या खाचांना वाजवीपेक्षा जास्त वाटा मिळतो. वळणाची आतली त्रिज्या कांडीच्या व्यासाच्या निदान दुप्पट-तिप्पट ठेवावी आणि वळणापुरत्या खाचा उथळ कराव्यात. वळण किती घट्ट असावे हे बहुतेक वेळा दिव्याची बाह्यरेषा आखणारे कलाकार ठरवतात. प्रकाशाचे काम करणाऱ्याने त्यांच्याशी पहिल्या रेखाटनाच्या वेळीच बोलावे, कारण नंतर खाचा कितीही बदलल्या तरी घट्ट वळण झाकता येत नाही.

प्रश्न : आमच्या तपासणीत पट्टीच्या मध्यापासून टोकापर्यंत उजळपणा ३० टक्क्यांनी उतरतो, तरी तो कोणालाच खटकत नाही. याउलट फक्त ५ टक्के फरकाची एक बारीक रेघ सगळ्यांना लगेच दिसते. आमची मोजण्याची पद्धत चुकते आहे काय?

उत्तर : मोजमाप बरोबर असेल, पण तुम्ही डोळ्याला न विचारता एकच आकडा पाहत आहात. आपली दृष्टी उजळपणाची पातळी मोजत नाही. शेजारशेजारच्या जागांमधला फरक टिपते. स्पष्ट कड असेल तर एक-दोन टक्क्यांचा फरकही जाणवतो, आणि तोच बदल हातभर लांबीवर हळूहळू झाला तर तीस टक्केसुद्धा नजरेतून सुटतात. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये याच्याशी निगडित एक भास नोंदवला होता : उजळपणाचा उतार जिथे एकाएकी बदलतो, तिथे प्रत्यक्षात नसलेली गडद किंवा उजळ पट्टी दिसते. म्हणून किमान आणि कमाल उजळपणाच्या गुणोत्तराबरोबर दर मिलिमीटरला होणारा बदलही तपासावा, आणि त्याची मर्यादा अधिक कडक ठेवावी.

पाहण्याचे अंतरही ठरवून घ्यावे. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा ओळखतो. तीन मीटरवरून हे अंतर एक मिलिमीटरहून थोडे कमी भरते, तर वीस मीटरवरून सुमारे सहा मिलिमीटर. मागच्या गाडीतल्या चालकाला एकसंध भासणारी पट्टी गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ठिपक्यांची दिसू शकते, आणि गाडी विकत घेणारा तिला जवळूनच निरखतो. तपासणी फक्त समोरून करणेही पुरेसे नाही. मागच्या स्थितीदर्शक दिव्याने बाहेरच्या बाजूला ८० आणि आतल्या बाजूला ४५ अंशांपर्यंत दिसणे नियमानुसार आवश्यक आहे. त्या कोनांतूनही दिवा पाहावा. समोरून निर्दोष असलेली लाइट गाइड तिरकस पाहिली की तुटक भासते, हा अनुभव या क्षेत्रात नवा नाही.

प्रश्न : डाव्या आणि उजव्या दिव्याच्या पांढऱ्या रंगात किंचित फरक जाणवतो. तसेच पिवळा इंडिकेटर सुरुवातीला प्रखर असतो आणि काही वेळ चालू ठेवल्यावर मंदावतो. एलईडी निकृष्ट आहेत का?

उत्तर : तसे मानण्याचे कारण नाही. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावरचा पिवळा प्रकाश देणारा फॉस्फरचा थर. थराची जाडी सूक्ष्म प्रमाणात बदलली तरी छटा बदलते. त्यामुळे उत्पादक एलईडी तयार झाल्यावर रंग, प्रकाश आणि व्होल्टेज यांनुसार त्यांची गटवारी करतात, ज्याला कारखान्यात ‘बिन’ म्हणतात. एका गाडीचे दोन्ही दिवे एकाच रंगगटातील एलईडींचे असावेत, अशी अट खरेदीतच घालावी. काही वेळा एलईडी सारखेच असतात आणि फरक कांडीच्या प्लास्टिकमुळे पडतो : पॉलिकार्बोनेट निळा प्रकाश ॲक्रिलिकपेक्षा अधिक शोषते, म्हणून लांब कांडीच्या दूरच्या टोकाला पांढरा रंग पिवळसर होतो. उष्णता फार नसेल तर लांब पांढऱ्या कांडीसाठी ॲक्रिलिकच घ्यावे.

पिवळ्या इंडिकेटरचे मंदावणे हा त्या चिपच्या पदार्थाचा स्वभाव आहे. लाल आणि पिवळे एलईडी ॲल्युमिनियम, इंडियम, गॅलियम आणि फॉस्फरस यांच्या संयुगाचे असतात. चिप तापली की त्यांचा प्रकाश निळ्या-पांढऱ्या एलईडीपेक्षा बराच अधिक घटतो, आणि पिवळ्याचा तर सर्वांत जास्त. चिपचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तो निम्म्यावर येऊ शकतो. दिव्याची चाचणी म्हणून थंड अवस्थेत आटोपू नये. तापून स्थिर झाल्यावरचा आकडाच खरा मानावा. एकाच दिव्यातले काही एलईडी अधिक तापत असतील, उदाहरणार्थ वरच्या कोपऱ्यातले, तर ते इतरांपेक्षा मंद होऊन समानताही बिघडते. जोडणीकडेही लक्ष असावे : एकसरीत जोडलेल्या एलईडींमधून सारखाच प्रवाह जातो, पण समांतर जोडलेल्या माळांमध्ये व्होल्टेजच्या फरकाने प्रवाह कमी-जास्त होऊन एक माळ दुसरीपेक्षा उजळ दिसते.

प्रश्न : रात्री काही गाड्यांच्या मागच्या दिव्यावरून नजर फिरवली की लाल ठिपक्यांची रांग दिसते. असे का?

उत्तर : तेच एलईडी ब्रेकसाठी पूर्ण आणि स्थितीदर्शक दिव्यासाठी मंद चालवायचे असतात, तेव्हा त्यांना भराभर चालू-बंद केले जाते, या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. स्थिर नजरेला ही उघडझाप कळत नाही. पण नजर झटक्यात वळते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ३०० अंशांच्या घरात असू शकतो, आणि सेकंदाला २०० उघडझापी असतील तर दोन चमकांमध्ये दीड अंशाचे अंतर पडते. वीस मीटरवरचा दहा सेंटिमीटरचा दिवा जेमतेम ०.३ अंश भरतो, म्हणून त्याच्या प्रतिमा सुट्या दिसतात. उघडझापींची संख्या २,००० केली की अंतर ०.१५ अंशांवर येऊन त्या एकमेकींत मिसळतात. मला हा दोष केवळ सौंदर्याचा वाटत नाही. मागच्या चालकाला त्याचा खरोखर त्रास होतो, म्हणून उघडझापींचा वेग वाढवण्यात काटकसर करू नये.

प्रश्न : संगणकावरील सिम्युलेशनमध्ये (किरणांच्या वाटा आकडेमोडीने काढून केलेल्या आभासी चाचणीत) लाइट गाइड उत्तम दिसत होती. ॲक्रिलिकमध्ये कोरलेला नमुनाही चांगला निघाला. साच्यातून आलेले नग मात्र एलईडीकडे मंद आणि पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : साच्यातून आलेल्या नगावर, कारण रस्त्यावर तोच जाणार आहे. सिम्युलेशनबाबत दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे किरणांची संख्या. चित्राच्या एका चौकोनात शंभर किरण पोचले असतील तर तिथल्या आकड्यात निव्वळ योगायोगाने सुमारे १० टक्के चढउतार असतो. तो १ टक्क्यावर आणायला दहा हजार किरण लागतात. हा चढउतार लपवण्यासाठी चित्र गुळगुळीत करून दाखवण्याची सोय असते, आणि तीत खऱ्या पट्ट्याही पुसल्या जातात. ती सोय बंद करून चित्र पुन्हा पाहावे.

दुसरी गोष्ट खाचांच्या कडांची. आराखड्यात खाचेची कड धारदार असते. साच्यातल्या नगात ती थोडी गोलावते. ९० अंशांच्या, अर्धा मिलिमीटर खोल खाचेचा उतार ०.७ मिलिमीटर लांब असतो. एका कडेला ०.१ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई आली तर त्यातला सुमारे १४ टक्के भाग कामातून जातो. खाच ०.२ मिलिमीटर खोल असेल तर हेच नुकसान ३५ टक्क्यांवर पोचते. एलईडीकडच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवलेल्या असल्यामुळे सर्वाधिक फटका त्यांनाच बसतो, आणि तुमच्या नगाचा तो भाग मंद दिसतो याचे कारण बहुधा हेच आहे. नमुना यंत्रावर कोरून पॉलिश केलेला असल्यामुळे त्याच्या कडा साच्यापेक्षा तीक्ष्ण होत्या, म्हणून तो चांगला निघाला. साचा बनवणाऱ्याकडून त्याला साधणारी किमान त्रिज्या विचारून घ्यावी, ती आराखड्यातच काढून सिम्युलेशन पुन्हा चालवावे, आणि एलईडीजवळ खाचा फार उथळ करण्याऐवजी त्यांची खोली ०.३ मिलिमीटरच्या वर ठेवून रुंदी कमी करावी किंवा त्यांच्यातले अंतर वाढवावे. अंतर वाढवताना ते पाहणाऱ्याला सुटे दिसणार नाही एवढेच ठेवावे. त्यासाठी तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातला एका कलेचा हिशेब उपयोगी पडेल. साच्यातील खाचांचा भाग सुटा काढता येईल असा बनवून घेतला तर पहिल्या नगांच्या मोजणीनंतर तेवढाच बदलता येतो, आणि अशी एक दुरुस्ती गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.